हातभर अंतरावरून

४ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार मागाहून, आधी भांडण.

तू पिस्तूल चालवायला शिकतेस आणि हे मला आईकडून कळावं? तेही कसं, तर ती फोनवर कुजबुजली, "तुझ्या मावशीचं काहीतरी बिनसलंय गं. तलावावरची ड्यूटी संपली की तळघरात जाते आणि कागदांना भोकं पाडत बसते." मला वाटलं, पोहायला येणाऱ्यांना टोकनं देऊन देऊन तू कंटाळलीस आणि आता टोकनंच टोचत बसतेस. मग तिने "एअर पिस्तूल" असा शब्द उच्चारला आणि मी हातातला लोलक खाली ठेवला. ठेवला, पाडला नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी अजून नवीन आहे, फोडाफोडी परवडणार नाही.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आपल्या घरातल्या बायकांनी आजवर लक्ष ठेवलं ते दुधावर, दारावर आणि दुसऱ्यांच्या पोरांवर. स्वतःसाठी एक लक्ष्य निवडून त्याच्यासमोर उभी राहिलेली तू पहिली. हसू नकोस, मी मनापासून लिहितेय.

फोन केला असता, पण फोनवर काका मध्येच बोलतात आणि तू "हो हो, सगळं छान" म्हणून मोकळी होतेस. मी होस्टेलला असताना लिहायचीस तसं सविस्तर लिही. कधी सुरू केलंस, कुणी शिकवलं, नेम लागतो का, सगळं.

तुझी रागावलेली (आणि गावभर सांगत सुटलेली)
भाची


११ फेब्रुवारी

आमच्या पदवीधर बाई,

भांडण पोचलं. पाकीट उघडायच्या आधीच हाताला गरम लागत होतं.

त्याचं असं झालं. माझी टोकनची खिडकी प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, आणि तिच्याही खाली तळघरात नेमबाजीचा क्लब. दिवसभर पायाखालून टप्, टप् आवाज यायचा. मला वाटायचं, पाणी गळतंय. गेल्या वर्षी पंप बिघडला, तलाव बंद, मी रिकामी. उतरले खाली. तिथे शिकवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे फौजी म्हणतात. ते म्हणाले, "बाई, टोकन विसरलं का कोणी?" मी म्हटलं, "नाही. मी एकदा उडवून बघू?" पहिला छर्रा भिंतीला लागला. दुसरा अगदी मधोमध लागला, पण शेजारच्या माणसाच्या कागदावर. त्या माणसाने वळून पाहिलं आणि "धन्यवाद" म्हणाला. ते आमचे दातांचे डॉक्टर. त्यांची गोष्ट पुढे आहेच.

मे महिन्यात वेगवेगळ्या क्लबांची स्पर्धा असते. आमच्याकडून तिघांचा संघ जातो. दोघं ठरलेत. तिसरी जागा माझी किंवा डॉक्टरांची. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून उडवायचं, ज्याचे गुण जास्त तो संघात. तुला म्हणून सांगते, मला ती जागा हवी आहे. शाळेत खेळाच्या तासाला दोन गट पाडायचे आणि मी उरायचे. बाई म्हणायच्या, "तू सगळ्यांच्या चपलांवर लक्ष ठेव हं." नंतर नोकरी लागली तीही खिडकीबाहेर हात काढून दुसऱ्यांना आत सोडायची. एकदा मला आत जायचंय गं. काकांना हे बोलले नाही. ते म्हणतील, "मग ये की माझ्या लिफ्टमध्ये, थेट वर सोडतो." लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी लग्न केलं की जन्मभर हेच विनोद.

आता अडचण. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला एक खाच असते आणि पुढच्या टोकाला एक छोटी उभी पट्टी. हात लांब करायचा आणि ती पट्टी खाचेत बरोब्बर मधोमध दिसली पाहिजे. ती पट्टीच मला धूसर दिसते. माझ्या चष्म्याच्या वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून वाचायचं. पट्टी बसलीय दोन्हीच्या मध्ये, ना माहेरची ना सासरची.

फौजींनी नियम वाचून सांगितलं की आमच्या खुल्या गटात पिस्तुलावर कुठलंही साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, लावलेलं चालतं, दुर्बीणसुद्धा. पण कुठलं लावायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. क्लबचं पिस्तूल जुनं, स्प्रिंगचं आहे. घोडा दाबला की हातात टुणकन उडी मारतं.

तू भौतिकशास्त्र शिकलीस. घरात दुसरं कोण आहे विचारायला? तू म्हणशील ते.

तुझी
मावशी


१८ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चपलांपाशी आले की थांबत होते. ती जागा तुला मिळालीच पाहिजे. नुसती शुभेच्छा देऊन गप्प बसणाऱ्यांतली मी नाही, मी कामाला लागले आहे.

सगळी सुट्टी वाचनालयात घालवली. तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, आहे तीच खाच आणि पट्टी. ती तुला दिसत नाही, म्हणजे प्रश्न मिटला. दुसरी, रेड डॉट. एक छोटी काच, तिच्यात लाल ठिपका दिसतो, तो कागदावर ठेवायचा आणि उडवायचं. वाचायला सोपं वाटतं, पण मला ते जरा खेळण्यासारखं वाटलं. तिसरी, दुर्बीण, म्हणजे स्कोप. चौपट मोठं दिसतं, आत अधिकच्या चिन्हासारखी बारीक फुली असते, काही जुळवायची गरज नाही. ज्याला नीट दिसत नाही त्याला मोठं दाखवावं, यात वाद कसला?

काल दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "कशासाठी हवी?" मी म्हटलं, "नेमबाजीसाठी." त्याने तीन काढून ठेवल्या. मी एकेकीला डोळा लावून रस्त्यापलीकडची पाटी वाचली. तिसरीतून पाटीवर बसलेल्या माशीचे पाय दिसले! तीच घेतली. पहिल्या पगारापासून मनात होतं की तुला काहीतरी घ्यावं, पण साडी घ्यायला धजत नव्हते, रंग चुकला असता. काचेचा रंग चुकत नाही.

सोबत बसवायच्या पकडी आहेत. फौजींकडून घट्ट बसवून घे. चांगलं उपकरण फक्त मोठ्या लोकांच्या हातातच असावं असा काही नियम नाही, मावशी.

तुझी
भाची


२ मार्च

लाडके,

पार्सल आलं! मी उघडलं तेव्हा काका, वरच्या मजल्यावरच्या बाई आणि पोस्टमन, सगळे गोल करून उभे. काय वस्तू आहे! कशी काळी कुळकुळीत, कशी गुळगुळीत! पोस्टमन म्हणाला, "भाचीने पाठवली? शिकलेली दिसते."

आणि दिसतं काय त्यातून! स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून मी कोपऱ्यावरच्या घड्याळाचे काटे पाहिले. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाला कुठलं बटण नाही तेसुद्धा दिसलं. काकांना तर इतकी आवडली की विचारू नकोस. सकाळी कामावर जाताना "जरा देतेस का" म्हणून मागतात.

फौजींनी क्लबमध्ये सरावापुरती बसवून दिली. ते म्हणाले, "वा, वजनदार आहे." सगळे बघायला आले होते.

तू माझ्यासाठी एवढं केलंस, आता मला आणखी काय हवं? तब्येतीला जप. प्रयोगशाळेत उभं राहून राहून पाय दुखत असतील.

तुझी
मावशी


६ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी आमच्या विभागातल्या शिपाईमामांनासुद्धा वाचून दाखवलं. शर्टाच्या बटणापाशी ते म्हणाले, "मग आता दहात दहा पडणार!" मी दिवसभर उगाचच हसत होते. अभ्यास केला की माणसाच्या उपयोगी पडता येतं, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगते. या वेळी ती माझ्या घरात खरी ठरली.

आता गुण कळव. आधी किती पडत होते, आता किती पडतात? डॉक्टर काय म्हणाले? त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं असेल. दातांच्या डॉक्टरांनी आ वासलेला, हे एकदा तरी घडायलाच हवं.

तुझी
भाची


१३ मार्च

बाळे,

उत्तराला उशीर झाला. डोळ्याला थोडं लागलं होतं, कपाटाचं दार. आता काळं-निळं जाऊन पिवळं झालंय. काका म्हणतात, "सूर्यास्त सुंदर होता, आता उजाडतंय." काळजीचं काही नाही.

गुण ठीक आहेत. वर-खाली होत असतात. डॉक्टर हल्ली छान उडवतात. त्यांचा हात दिवसभर लोकांच्या तोंडात स्थिर राहायला शिकलेला, आपण खिडकीत सुटे मोजणारे. आणि मला वाटतं, निवड म्हणजे काही सगळं नसतं. डॉक्टर भले माणूस आहेत, ते गेले काय आणि मी गेले काय, क्लब एकच. फौजींना मी तसं सांगून टाकावं म्हणतेय.

दुर्बीण मात्र फारच सुंदर आहे. रोज पुसून ठेवते.

तुझी
मावशी


१६ मार्च

मावशी,

तू खोटं बोललीस. एकदा नाही, दोन पत्रं भरून.

तुझं पत्र आलं आणि मला झोपच लागेना. ज्या बाईला ती जागा "हवी आहे" ती महिन्याभरात "डॉक्टर गेले काय आणि मी गेले काय" म्हणते? आणि घड्याळ दिसलं, बटण दिसलं, काकांनी नेली, सगळं लिहिलंस, पण कागदावरचं काळं वर्तुळ दिसलं असं एकदाही लिहिलं नाहीस. मग डोळा. मावशी, तुमच्या घरात कपाटाला दारच नाही. पडदा आहे. मी स्वतः लहानपणी त्याच्यामागे लपले आहे.

सकाळी दुकानात जाऊन तसलीच एक दुर्बीण तासाभरासाठी मागून आणली. प्रयोगशाळेत लाकडी फूटपट्टीला दोऱ्याने बांधली, दार लोटलं आणि तुझ्यासारखा हात लांब केला. आत मिट्ट काळोख! मधोमध वाटाण्याएवढा उजेड, आणि मान तसूभर हलली की तोही गायब. ही दुर्बीण रायफलची आहे. रायफल गालाला टेकवतात, म्हणून तिला डोळा चार बोटांवर लागतो. पिस्तूल डोळ्यापासून हातभर लांब असतं. माझा प्रयोगच चुकीचा होता. दुकानात सगळ्या दुर्बिणी मी डोळ्याला चिकटवून पाहिल्या, हात लांब करून एकही पाहिली नाही.

तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. मी हात ताणून, एक डोळा मिटून भिंतीसमोर उभी. ते म्हणाले, "कुणावर नेम धरलाय?" मी म्हटलं, "सर, स्वतःवरच."

म्हणजे तू काय केलंस ते मला आता कळलं. दिसावं म्हणून कोपर वाकवून ती दुर्बीण डोळ्याजवळ आणलीस, घोडा दाबलास आणि त्या पिस्तुलाने टुणकन उडी मारली. बरोबर ना? आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्या घरात आलेल्या भेटीला नावं ठेवायची नाहीत म्हणून! आजोबांनी जावयाने दिलेले बूट एक नंबर लहान असताना फाटेपर्यंत घातले आणि शेवटी बूट आधी थकले. आईने भेट आलेला तो पिवळा दिवा अजून लावून ठेवलाय, त्याच्या उजेडात तिला सुई दिसत नाही. आणि मीही तसलीच. तू शिवलेला निळा कुर्ता मला काखेत काचतो. तीन वर्षं "फार छान बसतो" म्हणतेय. तो घालून मला फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येत नाही.

मावशी, मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगू? मी शिकले, तेव्हापासून घरात मला कोणी चूक म्हणत नाही. मी वीज बिलाबद्दल बोलले तरी सगळे मान डोलावतात. मला हे नको आहे. मला तुमच्यातच राहायचंय, कोनाड्यात नाही.

म्हणून आजपासून आपल्या दोघींपुरता तो नियम मोडीत. या पत्राच्या उत्तरात "छान" हा शब्द मला नको. आणि फौजींना तू काहीही सांगून टाकायचं नाहीस.

तुझी
चुकलेली भाची


२० मार्च

अगं सटवे,

कपाटाचा पडदा तुझ्या बरा लक्षात राहिला!

काल रात्री पत्र वाचून मी आधी रडले, मग कुर्त्यापाशी आले आणि इतकी हसले की काका उठून बसले. "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, "कुर्ता काखेत काचतो." ते म्हणाले, "मग काढ."

आता ऐक, मागितलंसच तर. तुझी दुर्बीण पिस्तुलावर म्हणजे उंदरावर हत्ती. तिच्या वजनाने माझा हात पाचव्या छर्ऱ्याला खाली येतो. आत काळोख, वाटाणा, सगळं तू म्हणतेस तसंच. डोळ्यावर बसली तेव्हा मला दिवसा चांदण्या दिसल्या आणि फौजी पळत आले. ते म्हणाले, "बाई, ही काढून ठेवा." मी म्हटलं, "माझ्या भाचीने दिलीय, ती पदवीधर आहे." त्यावर ते एवढंच म्हणाले, "मग तिलाच सांगा." तेच मला जमेना. बाकी त्या दुर्बिणीचा जन्म वाया गेलेला नाही. काका ती कामावर नेतात. लिफ्टच्या खड्ड्यात खाली उभं राहून वरच्या कप्पीचा दोर झिजलाय का ते त्यातून बघतात. आधी दर वेळी वर चढावं लागायचं. त्यांच्या गुडघ्यांचे आशीर्वाद तुला.

हुश्श! खोट काढण्यात एवढी मजा असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता थांबवणं अवघड जाणार.

आणखी एक. माझा डोळा बघून डॉक्टरांनी आपणहून त्यांचं रेड डॉट मला दिलं. "आठवडाभर वापरून बघा." मी म्हटलं, "अहो, आपली एकमेकांविरुद्ध निवड आहे." ते म्हणाले, "म्हणून तर. डोळा सुजलेल्या माणसाला हरवून मी घरी तोंड कसं दाखवू?" तर तो ठिपका मला ठिपका दिसतच नाही. फुटलेल्या टोमॅटोसारखा पसरतो. चष्मा लावला तर गोल होतो, पण मग नाचतो. काळ्या वर्तुळावर ठेवावा तर डावीकडे पळतो, पकडायला जावं तर उजवीकडे. मी त्याच्यामागे धावते आणि घाईने घोडा दाबते. फौजी म्हणतात, "हात सगळ्यांचाच हलतो बाई, हा फक्त चुगली करतो." पण मला ती चुगली सहन होत नाही.

म्हणजे तुझ्या तिन्ही वाटा बंद. आता बोल. आणि मला मोठं मोठं समजावू नकोस, निवड दोन आठवड्यांवर आलीय.

तुझी
(आता खरं बोलणारी) मावशी

ता. क. कुर्ता पाठवून दे. शिवणीत कापड सोडलंय, उसवून देते.


२३ मार्च

मावशी,

तुझं पत्र म्हणजे माझ्या आजवरच्या सगळ्या गुणपत्रिकांहून मोठं बक्षीस. "उंदरावर हत्ती"! मी ती ओळ टेबलावर लावली आहे.

समजावत नाही, विचारते. आपण दोघी इतके दिवस पिस्तुलाला काय लावायचं याचाच विचार करतोय. पण तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की पट्टी तुझ्या चष्म्याच्या दोन भागांच्या मध्ये पडते. मी ते वाचलं आणि सोडून दिलं, कारण मला काहीतरी विकत घ्यायचं होतं. मग पट्टीच्या अंतराचाच एक चष्मा केला तर? वाचायचाही नाही, लांबचाही नाही, फक्त हातभर अंतराचा. त्यातून पट्टी सुईसारखी स्पष्ट दिसेल, पण समोरचा कागद धूसर होईल. मला वाटलं, हे चालणारच नाही. मग पुन्हा पुस्तकं काढली, तर सगळीकडे हेच लिहिलेलं की नजर पट्टीवरच ठेवायची, कागद धूसर दिसला तरी दिसू द्यायचा. पण पुस्तकावर माझा एकदा विश्वास बसून तुझा डोळा सुजलाय. म्हणून फौजींना विचार, आणि करून बघ.

करायचं असेल तर क्लबमध्ये पिस्तूल धरून उभी राहा आणि डोळ्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घे. ते अंतर चष्मेवाल्याला सांग. माझ्या हिशोबाने तुझ्या वाचायच्या वाढीव नंबराच्या निम्म्याच्या आसपास येईल, पण माझा हिशोब बाजूला ठेव, त्याला काचा बदलून बदलून दाखवायला सांग. आणि हे लक्षात ठेव, हात लांब करून बघ!

एक मात्र माझं मागणं आहे. या वेळी मी निवडणार नाही. रेड डॉट, हा चष्मा, नाहीतर अजून काही, तू ठरव. मी सुचवलंय म्हणून घेतलंस तर मी कुर्ता उसवू देणार नाही, तसाच घालीन.

तुझी
भाची


३० मार्च

शहाणे,

अंतर मोजलं. टेप कोणी धरली असेल? डॉक्टरांनी. एक टोक माझ्या डोळ्यापाशी, दुसरं पट्टीपाशी, आणि सवयीने म्हणाले, "जरा आ करा." सगळा क्लब हसला.

चष्मेवाल्याकडे काका सोबत आले. मी दुकानात हात पुढे करून, बोटं पिस्तुलासारखी धरून उभी, आणि चष्मेवाला काचा बदलतोय. दारातून एक गिऱ्हाईक आत येत होतं, ते मागच्या पावली परत गेलं. चौथ्या काचेला माझ्या बोटाच्या नखावरची रेघ दिसली. तिथे थांबवलं.

चष्मा परवा मिळाला. अगं, ती पट्टी! तिला कोपरे आहेत! इतके महिने मी एका धुक्यावर नेम धरत होते. कागद मात्र धूसर, काळं वर्तुळ म्हणजे पाण्यात पडलेली शाई. मी फौजींना म्हटलं, "आता लक्ष्यच नीट दिसत नाही." ते म्हणाले, "ते कुठे पळून जाणार आहे? तुम्ही तुमचं बघा." मी माझं बघत उडवलं. पाच छर्रे एकमेकांना चिकटून. चिकटून होते, पण सगळे डावीकडे. मग फौजींनी मागच्या खाचेचा स्क्रू हळूहळू फिरवला आणि तो घोळका मधे आणला.

तर माझं ठरलं. तुझी दुर्बीण नको. रेड डॉट नको, ते मी डॉक्टरांना धुऊन-पुसून परत केलं. जुनी खाच, जुनी पट्टी आणि हा चष्मा. तुझ्या सांगण्यावरून नाही. आधी चष्म्याने उडवलं, मग पुन्हा रेड डॉटने, मग पुन्हा चष्म्याने. तेव्हा ठरवलं. आणि या चष्म्यालाही खोट आहे, ऐक. तो घालून चाललं की पायरी चुकते, आणि त्यात मी घुबडासारखी दिसते. चष्मेवाल्याला मी तोंडावर सांगितलं. बिचारा म्हणाला, "बाई, माझ्या दुकानात एवढं खरं बोलणारं गिऱ्हाईक पहिलंच."

रविवारी निवड. आता जागा नाही मिळाली तर मला वाईट वाटेल, आणि ते मी तुला लिहीन.

तुझी
मावशी


२ एप्रिल

मावशी,

"नको" म्हणालीस! तेही दोनदा! एवढ्या आनंदाने नाकारलं जाण्याचं भाग्य फार थोड्या भाच्यांना लाभतं.

रविवारी इथे माझी परीक्षेची ड्यूटी आहे, नाहीतर टोकन घेऊन का होईना आले असते. काही सांगत नाही. पट्टी बघ, बस. आणि जे होईल ते जसं होईल तसं लिही.

भाची


६ एप्रिल

लाडके,

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी तळघरात ही गर्दी. वरची पोहणारी पोरं केस ओले तसेच घेऊन खाली आलेली. काका पहिल्या रांगेत, दुर्बीण घेऊन. दहा मीटरवरचा कागद बघायला! मी आणि डॉक्टर शेजारी शेजारी. त्यांना उकडत होतं, त्यांनी कोट काढला आणि ठेवायला खुंटी शोधू लागले.

सुरुवात वाईट झाली. पहिल्या काही छर्ऱ्यांना मी लोकांकडेच लक्ष दिलं. डॉक्टर पुढे गेले. काकांनी दुर्बिणीतून बघून मोठ्याने जाहीर केलं, "बाहेर गेला!" फौजींनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की दुर्बीण पिशवीत गेली. मी हात खाली घेतला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळी माणसं धूसर झाली. फौजी, पोरं, काका, समोरचा कागदसुद्धा. तेवढी पट्टी राहिली. मग मला घाई नव्हती. खाचेत आली की दाबायचं, नाही आली की हात खाली घ्यायचा आणि पुन्हा. किती पडतायत ते मी बघितलंच नाही, बघून दिसलंही नसतं.

शेवटचा छर्रा सुटला तेव्हा मला वाटलं अजून बाकी आहेत. मी भरायला वाकले तर डॉक्टर म्हणाले, "बाई, संपलं." फौजी कागद घेऊन दिव्याखाली गेले. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, मग डॉक्टरांना बोलावून त्यांनाही मोजायला लावलं. डॉक्टरांनी मान वर केली आणि माझ्याकडे येऊन हात पुढे केला. म्हणाले, "माझा दात काढलात, पण दुखू दिलं नाहीत." तेव्हा मला कळलं. पोरांनी एवढा गलका केला की वरून पहारेकरी धावत आला.

मी काय बोलले आठवत नाही. काका म्हणतात, मी सगळ्यांना "सावकाश, सावकाश, पायऱ्या ओल्या आहेत" असं सांगत होते.

मग क्लबच्या सेक्रेटरींनी फोटोसाठी संघाला बोलावलं. डॉक्टरांचा कोट टेबलावरून घसरत होता, तो मी उचलला आणि फोटोच्या मधे नको म्हणून भिंतीला लागून उभी राहिले. आमचे ते दोघं जाऊन उभे राहिले. सेक्रेटरींनी कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला आणि विचारलं, "तिसरं कोण आहे?"

मीही इकडेतिकडे पाहिलं. म्हटलं, कोण आहे ते, एवढी माणसं खोळंबलीत, येत का नाही लवकर?

फौजींनी माझ्या हातातला कोट काढून घेतला.

तुझी
मावशी